डाउनलोडरसोबत एसएसएल बांधून देताना शिदोरीत काय काय लागतं

उदगीरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आडत दुकानांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. तो रोज दुपारी एका संकेतस्थळावरून सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव उतरवून घेतो आणि दुकानातल्या स्क्रीनवर दाखवतो. उतरवण्याचं काम प्रोग्रॅम स्वतः करत नाही, फोल्डरमध्ये ठेवलेल्या डब्ल्यूगेटला, म्हणजे नेटवरून फाईली उतरवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमला, सांगतो. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे एसएसएल या कूटभाषेतून चालणाऱ्या जोडणीवर, गेलं आणि गाडी अडली. तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत. लातूरच्या दुकानात मात्र 'एचटीटीपीएस सपोर्ट नॉट कम्पाइल्ड इन', औशाला 'डीएलएल सापडत नाही' (डीएलएल म्हणजे विंडोजवर प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररीची वेगळी फाईल), आणि अहमदपूरला सर्टिफिकेटची तक्रार. कुणीतरी सुचवलं की 'नो-चेक-सर्टिफिकेट' लावा, म्हणजे सर्टिफिकेट तपासूच नका, चालून जातं. तुमचं म्हणणं, एसएसएलसकट एकाच फाईलचा डब्ल्यूगेट कुठला ते सांगा, म्हणजे तो सगळीकडे टाकून मोकळा होतो.

असा एका फाईलचा डब्ल्यूगेट मिळतो, तयारही करता येतो. तो टाकला की लातूर आणि औसा सुटतील. अहमदपूर सुटेलच असं नाही, आणि दोन-तीन वर्षांनी तिन्ही दुकानं एकाच दिवशी बंद पडण्याची सोय मात्र होऊन बसेल. हे मी अनुभवानं सांगतोय, तो किस्सा पुढे येईल.

आपण जी शिदोरी बांधून देतो तिच्यात तीन वस्तू असतात. एक, डाउनलोड करणारा प्रोग्रॅम. दोन, कूटभाषेत बोलणारी लायब्ररी, म्हणजे ओपनएसएसएल, जीएनयूटीएलएस यांपैकी काहीतरी. तीन, कुणावर विश्वास ठेवायचा त्याची यादी, म्हणजे रूट सर्टिफिकेटांची फाईल. पहिल्या दोन वस्तू एका फाईलीत कोंबता येतात. तिसरी बहुतेक जण विसरतात. आणि शिदोरीतली लवकर नासणारी वस्तूही तीच. तुमच्या तीन दुकानांत नेमकी एकेक वस्तू कमी पडलीय: लातूरला पहिलीत खोट, औशाला दुसरी गायब, अहमदपूरला तिसरीचा घोळ. (फाईलींची आणि पर्यायांची नावं इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.)

लातूरपासून सुरू करू. एचटीटीपीएस येणं-न येणं हे डब्ल्यूगेट बांधला जातो त्याच वेळी ठरतं. बांधणाऱ्यानं एसएसएल नको म्हटलं, किंवा त्याच्या मशीनवर लायब्ररी सापडली नाही, तर तयार होणारा डब्ल्यूगेट जन्मभर एचटीटीपीएसला मुका राहतो. नंतर शेजारी कितीही डीएलएल आणून ठेवा, उपयोग शून्य. म्हणून पहिलं काम म्हणजे 'व्हर्जन' हा पर्याय देऊन तो चालवायचा. डब्ल्यूगेट आपल्या क्षमतांची जंत्री छापतो. त्यात एसएसएलच्या आधी अधिक चिन्ह आहे की उणे, ते बघायचं. कर्ल हा डब्ल्यूगेटसारखाच दुसरा प्रोग्रॅम. तो तर कुठली टीएलएस (एसएसएलचंच नवं रूप) लायब्ररी, तिची आवृत्ती कोणती आणि कुठले प्रोटोकॉल चालतात, सगळं दोन-तीन ओळींत सांगतो.

विंडोजसाठी डब्ल्यूगेट शोधायला गेलं की आजही बऱ्याच जणांच्या हाती १.११.४ ही आवृत्ती लागते. ती २००८ची आहे. जीएनयूविन३२ नावाच्या प्रकल्पानं ती दोन झिपांत ठेवली होती, एकीत प्रोग्रॅम आणि दुसरीत त्याला लागणाऱ्या डीएलएल. लोक पहिली झिप उतरवतात, दुसरी राहून जाते. मीही तेच करत होतो. ती झिप पेनड्राइव्हवर घेऊन परभणी ते उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, किती मशीनवर टाकली असेल त्याची गणती नाही. पण दुसरी झिप आणून ती आवृत्ती उभी करण्याच्या फंदात आज पडू नका. तिच्यासोबतची ओपनएसएसएल टीएलएस १.२ च्या आधीच्या जमान्यातली. ओपनएसएसएलमध्ये टीएलएस १.२ आलं ते २०१२च्या १.०.१ पासून, आणि टीएलएस १.० व १.१ यांना मार्च २०२१मध्ये अधिकृतपणे निवृत्त केलं गेलं. शिवाय एका आयपी पत्त्यावर दहा संकेतस्थळं नांदत असतील तर आपल्याला कुठलं हवंय हे हात मिळवतानाच सांगावं लागतं. ती सोय, म्हणजे एसएनआय, डब्ल्यूगेटला १.१४ मध्ये मिळाली. म्हणजे ती जुनी आवृत्ती डीएलएल मिळूनही दारातूनच परत येईल.

आता औसा. तुमच्या मशीनवर का चालतं आणि तिथं का नाही? कारण तुमच्या मशीनवर गिटसारखी डेव्हलपरची साधनं आहेत, त्यांच्यासोबत ओपनएसएसएलच्या डीएलएल आल्यात, आणि पाथमध्ये, म्हणजे विंडोज जिथं जिथं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, शोधत शोधत विंडोजला त्या सापडतात. डब्ल्यूगेटला वाटतं घरचंच जेवण आहे, जेवतोय मात्र शेजाऱ्याकडे. औशाच्या मशीनवर तो शेजारी नाही. यासाठी माझा नियम असा की बांधलेली शिदोरी ज्या मशीनवर बांधली तिथं कधी चाखायची नाही. कोरं विंडोज असलेलं व्हर्च्युअल मशीन ठेवा. विंडोज प्रो असेल तर त्यातलं सँडबॉक्स वापरा, दोन मिनिटांत कोरी पाटी मिळते.

या डीएलएलची नावंही बदलत गेली, त्यामुळे गोंधळ वाढतो. ओपनएसएसएल १.०.२ पर्यंत 'लिबईएवाय३२' आणि 'एसएसएलईएवाय३२' अशी जोडी होती. १.१ पासून 'लिबक्रिप्टो-१_१' आणि 'लिबएसएसएल-१_१' झाली, ६४ बिटच्या जोडीला शेवटी 'एक्स६४' लागलं. ३ मालिकेत 'लिबक्रिप्टो-३' आणि 'लिबएसएसएल-३'. एकीच्या जागी दुसरी चालत नाही, नाव बदलून ठेवली तरी नाही. आणि ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ६४ बिटची डीएलएल दिली तर विंडोज जो संदेश देतं त्यावरून काहीच बोध होत नाही. १.०.२चा सांभाळ २०१९च्या अखेरीस थांबला, १.१.१चा सप्टेंबर २०२३मध्ये, त्यामुळे आज नव्यानं काही बांधत असाल तर ३ मालिकेच्या खाली जाऊ नका, आणि तिच्यातलीही सांभाळ चालू असलेली आवृत्ती निवडा.

डीएलएल सापडली नाही तर निदान कळतं तरी. भलतीच सापडली तर जास्त वाईट. विंडोज आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं, मग सिस्टिमच्या, मग विंडोजच्या, मग चालू फोल्डरमध्ये आणि शेवटी पाथमध्ये. म्हणून लागणाऱ्या सगळ्या डीएलएल एक्झीच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाईलीच्या, शेजारीच ठेवायच्या. सिस्टिम३२ मध्ये टाकायच्या नाहीत. मी एकेकाळी टाकल्या होत्या. सहा महिन्यांनी त्या दुकानातलं हिशोबाचं सॉफ्टवेअर माझ्या जुन्या डीएलएलवर अडखळून पडायला लागलं आणि तिथल्या मुनीमजींनी दिवाळीच्या खतावणीच्या आदल्या दिवशी मला बोलावून घेतलं. काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

यातून सुटायचं तर स्टॅटिक बांधणी, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच. एकच एक्झी, शेजारीपाजारी कुणी लागत नाही. लिनक्सवर मिनजीडब्ल्यू ही साधनं वापरून विंडोजसाठी असं बांधता येतं, किंवा कर्लच्या अधिकृत पानावरची विंडोजची तयार बांधणी घ्या. तिच्यात रूट सर्टिफिकेटांची फाईलही दिलेली असते, आणि माझ्या मते तुमच्या कामाला तीच बरी. लिनक्सवरच्या दुकानांसाठी स्टॅटिक हवं असेल तर जीलिबसीच्या, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या मूळ लायब्ररीच्या, नादी न लागता मसल लायब्ररीवर, म्हणजे अल्पाइन नावाच्या लिनक्समध्ये बांधा. जीलिबसी स्टॅटिक केली तरी नाव शोधण्यासाठी तिला चालवताना स्वतःच्याच फाईली लागतात आणि मग दुसऱ्या मशीनवर पत्ता शोधता येत नाही म्हणून रडते.

स्टॅटिकचा एक तोटा ध्यानात ठेवा. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. ज्यांच्याकडे डीएलएल वेगळी होती त्यांनी डीएलएल बदलली. ज्यांनी पोटात भरली होती त्यांना अख्खा प्रोग्रॅम पुन्हा बांधून पुन्हा वाटावा लागला. वाटलेल्या प्रती कुठल्या कुठल्या दुकानांत गेल्या याची वही असेल तरच हे शक्य असतं. तुमच्याकडे ती वही आहे का?

आता तिसरी वस्तू. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण 'एसएसएलसकट' म्हणून जे मिळतं त्यात बहुधा हीच नसते.

आडतीवर अनोळखी माणूस येतो आणि म्हणतो, मी अमक्याचा माणूस, माल उधारीवर द्या. तुम्ही काय बघता? त्याच्याकडे चिठ्ठी आहे का, आणि चिठ्ठी देणारा आपल्या ओळखीचा आहे का. संकेतस्थळ दाखवतं ते सर्टिफिकेट म्हणजे ती चिठ्ठी. ओळखीच्या माणसांची यादी म्हणजे रूट सर्टिफिकेटं. चिठ्ठी कितीही खरी असली तरी यादीच कोरी असेल तर माणूस दारातच थांबणार.

ब्राउझरकडे ही यादी असते. विंडोजकडे स्वतःची असते. पण ओपनएसएसएल वापरणारा प्रोग्रॅम विंडोजच्या यादीत आपणहून डोकावत नाही. तो एका ठरावीक जागी फाईल शोधतो, आणि ती जागा बांधणीच्या वेळी त्याच्या पोटात लिहिली गेलेली असते. कुणी लिनक्सवर बसून विंडोजसाठी बांधलं असेल तर ती जागा 'यूएसआर-लोकल-एसएसएल' अशी काहीतरी निघते. ती विंडोजवर नसतेच. म्हणून यादी कोरी, आणि 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट'.

ही जागा विंडोजवर नसणं नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचं ठरलेलं आहे. २०१९मध्ये कर्लच्या विंडोज बांधणीत नेमका हाच दोष निघाला. ७.६५.१ पर्यंतच्या बांधणीत सी ड्राइव्हवरचा तो 'यूएसआर-लोकल' रस्ता कोरलेला होता. तसा फोल्डर साधा वापरकर्ताही तयार करू शकतो. त्यानं तिथं ओपनएसएसएलची कॉन्फिगरेशन फाईल आणि सोबत आपला कोड ठेवला की कर्ल चालवणाऱ्याच्या अधिकारानं तो कोड चालायचा. कर्लवाल्यांनी ते लगेच दुरुस्त केलं, पण कुठल्या तरी पानावरून उतरवलेल्या अनामिक बांधणीत असं काय काय कोरलेलं असेल ते कोण बघणार? अनोळखी एक्झी शिदोरीत न घालण्याचं हेही एक कारण.

यादी मिळते कुठून? मोझिला आपल्या फायरफॉक्ससाठी जी यादी सांभाळते, तिच्यावरून काढलेली पेम स्वरूपातली फाईल कर्लच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. दोन-सव्वादोनशे केबीची साधी टेक्स्ट फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडून बघता येते. कर्लसाठी तिचं नाव 'कर्ल-सीए-बंडल.सीआरटी' करून एक्झीच्या शेजारी ठेवली की ओपनएसएसएलवर बांधलेला कर्ल विंडोजवर ती आपोआप उचलतो. डब्ल्यूगेटला 'सीए-सर्टिफिकेट' या पर्यायानं पूर्ण रस्ता सांगा. 'एसएसएल-सर्ट-फाईल' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही चालतो, पण तो फक्त तुमच्या प्रोग्रॅमपुरता लावा. सगळ्या मशीनला लावला तर दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटात दुखेल.

आता तो किस्सा. मी एका तालुक्याच्या ठिकाणी आठ-दहा दुकानांत असाच भाव उतरवणारा प्रोग्रॅम दिला होता, ओपनएसएसएल १.०.२ पोटात आणि शेजारी २०१७ सालची यादी. ३० सप्टेंबर २०२१च्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास 'डीएसटी रूट सीए एक्स३' या रूट सर्टिफिकेटची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेटं वापरणारी असंख्य संकेतस्थळं जुन्या मशीनवर त्याच्याच ओळखीवर उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन: 'सर, भाव येईना गेलेत.' त्याच आठवड्यात गुलाब चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या पावसानं मराठवाड्याला झोडपून काढलं होतं, मांजरा दुथडी भरून वाहत होती, धरणाचे दरवाजे उघडलेले. त्यामुळे दुकानदारांनी आणि मीही दोन दिवस खापर फोडलं ते पावसावर आणि तुटलेल्या केबलवर. मोबाइलवर तेच पान उघडतंय हे एका हमालानं दाखवलं तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

त्यातली खोच अशी की नवीन रूट, आयएसआरजी रूट एक्स१, यादीत होतं तरी १.०.२ अडून बसायची. सर्व्हर जी साखळी पाठवायचा तिचं टोक मुदत संपलेल्या रूटकडे जायचं, आणि ही जुनी लायब्ररी यादीतलं ते जुनं रूट धरून बसायची, दुसरी वाट शोधायची नाही. उपाय दोनच होते: लायब्ररी नवी घ्या, नाहीतर यादीतून ते मेलेलं रूट काढून टाका. मी घाईत दुसरा केला, पेनड्राइव्ह घेऊन दुकानोदुकानी चिखल तुडवत. पुढच्या महिन्यात पहिला केला.

'नो-चेक-सर्टिफिकेट' लावलं असतं तर दोन मिनिटांत फोन थांबले असते, हे खरं. कर्लमध्ये त्यालाच 'के' म्हणतात. पण मग एचटीटीपीएस कशासाठी? कूटभाषा चालू राहते, फक्त आपण कुणाशी बोलतोय हे माहीत नसतं. 'सर, नुसते भाव तर आहेत' असं तुम्ही म्हणाल. भाव बघूनच शेतकऱ्याचं माप होतं, आणि बाजारातल्या एकाच वायफायवर बसलेल्या कुणी मधल्यामध्ये क्विंटलमागे शंभर रुपये इकडचे तिकडे केले तर भांडण तुमच्या दारात येईल. त्याहून मोठी गोष्ट: आज भाव उतरवता, उद्या त्याच डब्ल्यूगेटनं प्रोग्रॅमची नवी आवृत्ती उतरवून चालवाल. तपासणी बंद ठेवून उतरवलेली एक्झी चालवणं म्हणजे गल्ल्याची किल्ली रस्त्यावर टांगणं. तपासासाठी एकदा हातानं चालवून बघा, हरकत नाही. दुकानात जाणाऱ्या फाईलीत तो पर्याय मी कधी लिहिलेला नाही, आणि दुसऱ्याच्या कामात दिसला तर काढायला लावतो.

अहमदपूरला यादी द्या, पण त्याआधी तिथल्या मशीनचं घड्याळ बघा. हसू नका. आडतीवरची मशीनं जुनी, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला, लाईट गेली आणि यूपीएस बसला की मशीन दहा-बारा वर्षं मागं जातं. मग सगळी सर्टिफिकेटं 'अजून लागू झालेली नाहीत' अशी दिसतात. 'नॉट येट व्हॅलिड' असा संदेश असेल तर दुसरं काही बघायचं कारणच नाही, मोबाइलच्या दुकानातून सेल आणून बसवा.

घड्याळ बरोबर, यादी ताजी, तरी तक्रार राहिली तर आणखी दोन शक्यता मला नेहमी दिसतात. पहिली सर्व्हरच्या बाजूची. ओळखीचा मोठा माणूस स्वतः चिठ्ठ्या देत नाही, त्याचा पुतण्या देतो. मग आलेल्या माणसानं दोन्ही चिठ्ठ्या दाखवायला हव्यात: पुतण्याची, आणि पुतण्याला काकांनी दिलेली. ही मधली चिठ्ठी म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट. ते पाठवायला कित्येक सर्व्हरवाले विसरतात. ब्राउझर ते स्वतः शोधून आणतो किंवा आधीचं आठवून घेतो, त्यामुळे पान उघडतं. विंडोजची यंत्रणाही आणते. ओपनएसएसएलवरचे कर्ल-डब्ल्यूगेट आणत नाहीत. ओपनएसएसएलचं 'एस-क्लायंट' चालवून 'शो-सर्ट्स' म्हणा, सर्व्हर किती सर्टिफिकेटं पाठवतोय ते दिसेल. एकच येत असेल तर मधलं सर्टिफिकेट मिळवून आपल्या यादीच्या शेवटी चिकटवा, आणि त्या सर्व्हरवाल्यांना नम्रपणे कळवा. उत्तर येईल या आशेवर मात्र राहू नका.

दुसरी शक्यता अँटिव्हायरसची. काही अँटिव्हायरस एचटीटीपीएस वाहतूक मध्येच उघडून तपासतात आणि स्वतःच्या सर्टिफिकेटनं पुन्हा बंद करतात. स्वतःचं रूट ते विंडोजच्या यादीत घालतात, तुमच्या पेम फाईलीत नाही. ब्राउझर चालतो, कर्ल रुसतो. कर्ल ८.२ पासून 'सीए-नेटिव्ह' हा पर्याय आहे, तो लावला की ओपनएसएसएलवरचा कर्लही विंडोजची यादी बघतो.

विंडोजची आणि मोझिलाची यादी सारखी नसते, हे आपल्याकडे एकदा ठळकपणे दिसलं होतं. जुलै २०१४मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या सर्टिफिकेट विभागाकडून गूगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. भारताच्या सीसीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्यांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) रूट तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, मोझिलाच्या नव्हतं. त्यामुळे फायरफॉक्स त्या भानगडीतून आपोआप बाहेर राहिला. उलट, मायक्रोसॉफ्टच्या यादीवर चालणाऱ्या पण मोझिलाच्या यादीत नसलेल्या संकेतस्थळावर तुमची पेम फाईल अडणार. असं झालं तर ते एक रूट खात्रीच्या मार्गानं मिळवून फक्त त्या कामापुरती वेगळी यादी करा.

आता माझं खरं मत. दुकानातली मशीनं विंडोज १० किंवा ११ असतील तर काही बांधूनच देऊ नका. २०१८च्या एप्रिलमधल्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं कर्ल विंडोजसोबतच दिलाय, सिस्टिम३२ मध्ये बसलेला आहे. तो एसचॅनेल वापरतो, म्हणजे कूटभाषाही विंडोजची, यादीही विंडोजची, दोन्ही अद्ययावत ठेवण्याची काळजी विंडोज अपडेटची (विंडोज १० चे नेहमीचे अपडेट मात्र ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले). तीनही वस्तू आयत्या. पूर्ण रस्ता देऊन त्याला हाक मारा. पॉवरशेलच्या जुन्या ५.१ मध्ये नुसतं 'कर्ल' किंवा 'डब्ल्यूगेट' लिहिलं तर ती दुसऱ्याच आज्ञेची टोपणनावं निघतात, म्हणून मागं 'एक्झी' लावा.

एसचॅनेलचीही एक खोड आहे. सर्टिफिकेट रद्द झालंय का हे तो वेगळ्या जागी विचारायला जातो. ऑफिसच्या प्रॉक्सीनं किंवा मंद हॉटस्पॉटनं ती वाट अडवली तर 'रिव्होकेशन तपासता आलं नाही' म्हणून थांबतो. 'एसएसएल-रिव्होक-बेस्ट-एफर्ट' लावला की तपासता आलं तर तपासतो, वाट बंद असेल तर पुढे जातो. सर्टिफिकेटची बाकी तपासणी त्यानं सुटत नाही, म्हणून हा पर्याय मला चालतो.

विंडोज ७ ची मशीनं उरली असतील, आणि आडतीवर ती उरतातच, तर तिथं बांधलेला कर्ल आणि यादी द्या. तुमच्या प्रोग्रॅमनं आधी सिस्टिममधला कर्ल आहे का बघायचं, नसेल तर फोल्डरमधला वापरायचा. चार ओळींचं काम आहे. फक्त निवडलेली बांधणी त्या जुन्या विंडोजवर एकदा स्वतः चालवून बघा.

डब्ल्यूगेटवरून कर्लवर जाताना सवयी बदलतात. कर्ल पत्ता बदलला तर आपणहून मागं जात नाही, 'लोकेशन' सांगावं लागतं. उतरवलेलं फाईलीत न टाकता स्क्रीनवर ओततो. आणि 'फेल' हा पर्याय दिला नाही तर सर्व्हरनं 'पान सापडलं नाही' म्हटलेलं पानही इमानेइतबारे साठवून 'सगळं ठीक' असा निकाल देतो. मग भावाच्या जागी एचटीएमएल दिसतं. बॅच फाईलीत पत्ता लिहिताना टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहा, आणि अँपरसँड असलेला पत्ता अवतरणात ठेवा.

एक आपल्याच भाषेची अडचण. मशीनवरच्या वापरकर्त्याचं नाव देवनागरीत असेल तर त्याच्या घरच्या फोल्डरचं नावही देवनागरी होतं. देवनागरीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं एएनएसआय कोडपेज कधी मिळालंच नाही, ती फक्त युनिकोडमधून चालते. त्यामुळे युनिकोडसाठी न बांधलेल्या कर्ल-डब्ल्यूगेटला 'बालाजी ट्रेडर्स' नावाच्या फोल्डरमधली यादी उघडताच येत नाही. कर्ल ७७ क्रमांकाची चूक देतो आणि आपण फाईल तर समोर दिसतेय म्हणून डोकं धरतो. शिदोरी सी ड्राइव्हवर रोमन नावाच्या, मोकळी जागा नसलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार साध्या वापरकर्त्याला देऊ नका, नाहीतर शेजारी भलती डीएलएल आणून ठेवणं सोपं होतं.

चुकांचे क्रमांक वाया घालवू नका. डब्ल्यूगेट ५ देतो तेव्हा सर्टिफिकेटची अडचण, ४ म्हणजे नेटवर्क, ८ म्हणजे सर्व्हरनंच नाही म्हटलं. कर्लमध्ये ६० सर्टिफिकेट, ३५ हात मिळवतानाच बिनसलं, ६ पत्ता सापडला नाही, २८ वेळ संपला. ६० आला तर स्क्रीनवर 'मशीनची तारीख तपासा' असं मराठीत दाखवा. माझे निम्मे फोन त्या एका ओळीनं बंद झाले.

परवान्याचं थोडक्यात. कर्लचा परवाना एमआयटीच्या वळणाचा आहे, त्याची हक्कसूचना सोबत द्या, झालं. डब्ल्यूगेट जीपीएल ३ वर आहे. एक्झी वाटलीत तर त्याच आवृत्तीचा सोर्स देण्याची जबाबदारी तुमची, म्हणून सोर्सची झिप जपून ठेवा. मोझिलाच्या यादीला मोझिलाचाच परवाना, एमपीएल २.०, लागू असतो. ती कुठून आली ते फाईलीच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, ते पुसू नका.

राहिली यादी ताजी ठेवण्याची गोष्ट. दर दोन-तीन महिन्यांनी प्रोग्रॅमनंच नवी यादी उतरवावी, जुन्या यादीच्या आधारानं तपासून, आणि वेगळ्या नावानं. मग नव्या यादीनं भावाचं संकेतस्थळ उघडतंय का बघावं, उघडलं तरच नाव बदलून जागेवर ठेवावी, जुनी बाजूला राहू द्यावी. मध्येच लाईट गेली तर अर्धी उतरलेली फाईल जागेवर बसता कामा नये, सगळी खबरदारी त्यासाठी. फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाईल ठेवून तीत कर्लची आवृत्ती, यादीची तारीख आणि दोन्हींचा एसएचए२५६, म्हणजे फाईल बदलली का ते ओळखण्याचा आकडी ठसा, लिहा. विंडोजचं 'सर्टयुटिल' तो काढून देतं. वर्षाच्या देखभालीच्या पैशांत हे काम धरा, फुकट करू नका.

औशाला आणि लातूरला कुठलं विंडोज आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिथं जाल तेव्हा सिस्टिम३२ मधल्या कर्लचं 'व्हर्जन' चालवून बघा. ओळी आल्या तर डब्ल्यूगेट काढून टाका. नाही आल्या तर वर सांगितल्याप्रमाणे कर्ल आणि यादी ठेवा. अहमदपूरला जाताना खिशात एक सीआर२०३२ असू द्या.